लांबचे आधी

"लांबचे आधी!"

माझ्या दुकानात पाऊल टाकलं की सिस्टर हे म्हणायच्या आणि स्वतः सगळ्यात मागच्या स्टुलावर जाऊन बसायच्या. नाशकात अशोकस्तंभाजवळ माझं टायपिंगचं दुकान. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका आणि अधूनमधून एखादं पुस्तक. सिस्टर पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स. सुट्टीच्या दिवशी एसटीत हेलपाटत यायच्या आणि दुकानात सुरगाण्याचा कुणी अर्जवाला दिसला, की आपला नंबर त्याला देऊन टाकायच्या.

"आणि तुम्ही काय पंचवटीतून आलात?" मी वैतागून विचारायचो.

"त्यांना अजून पुढं जायचंय, दादा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या चांगुलपणापायी जेवायला उशीर आपल्याला होतो.

ही सवय उपकेंद्रावरची होती. तिथे आधी कोण आलं याला किंमत नव्हती. डोंगरापलीकडून पायी आलेला पेशंट आधी, गावातला नंतर. गावातले कुरकुरले, की त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुमचं घर मला इथून दिसतंय. बसा."

त्यांची कादंबरी मी टाइप केली. उपकेंद्रातल्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर निळ्या बॉलपेनने लिहिलेली, सलाइनच्या खोक्यात घालून दर खेपेला वीसेक पानं यायची. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस वाचत नाही, नुसती बोटं चालतात. एकोणिसाव्या प्रकरणाला मात्र बोटं थांबली. मंजुळा नावाची बाई चालत उपकेंद्रावर येते, मुलगी होते, रक्त थांबत नाही. गाडी ओढ्यापलीकडे अडकलेली. भर दुपारी नर्सच्या हातात हात ठेवून ती जाते.

"खरं नाव आहे का? बदलू?" मी विचारलं.

"राहू द्या. घरात दुसरी आली, तेव्हापासून ते नाव कुणी घेत नाही. आपण तरी घेऊ."

"आणि मुलगी?"

"बारावीला आहे आता."

पुस्तक आलं आणि नाशकातल्या एका ग्रंथमहोत्सवाचं निमंत्रणही आलं. नवोदित लेखिका म्हणून वाचनाला दहा मिनिटं. सिस्टरांनी त्या मुलीला शब्द दिला, तुझ्या आईचं नाव मी माईकवरून घेईन. पुस्तक तिला मुद्दाम दिलंच नव्हतं. "तिनं ते एकटीनं वाचू नये. तिथं मी होते, तर माझ्या तोंडून ऐकू दे," असं त्यांचं म्हणणं.

कार्यक्रम दोनचा होता. मुलगी सकाळीच येऊन पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली होती, शाळेच्या पांढऱ्या बुटांत. पेठहून तिच्या पाड्यावर जाणारी शेवटची गाडी गाठायची, तर नाशकातून चारची एसटी तिला धरायलाच हवी होती.

आपले कार्यक्रम तुम्हाला ठाऊक आहेत. पुस्तक उघडायच्या आधी शाल उघडते. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक तर संपेचना. मग सत्कार. पाहुण्यांचा, देणगीदारांचा, मंडपवाल्याचा, शेवटी सत्कार करून दमलेल्याचाही. सिस्टरांना शाल-श्रीफळ मिळालं तेव्हा सव्वातीन वाजले होते. त्यांनी निवेदिकेला खुणेनं जवळ बोलावलं. माईक चालूच होता, त्यामुळे आम्हीही ऐकलं.

"ताई, माझं माणूस लांबून आलंय. मला आधी वाचू द्याल का?"

"मॅडम, क्रम ठरलेला आहे. आधी ज्येष्ठ, मग नवोदित."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, बसा, होईल आता. ती खूण मला अजून छळते. पहिलेच ज्येष्ठ लेखक पंचवीस मिनिटं बोलले, तेही स्वतःच्या बालपणावर.

पावणेचारला सिस्टर उठल्या. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला, पुस्तक घेतलं आणि पायऱ्या उतरून मुलीचा हात धरला. "चल, गाडी चुकंल."

साडेचारला त्यांचं नाव पुकारलं गेलं. "लेखिका उपस्थित आहेत का?" असं दोनदा विचारून निवेदिका पुढच्या नावाकडे गेली. व्यासपीठावरून शाल-नारळ मीच उचलला.

पुढच्या शनिवारी सिस्टर आल्या त्या थकून. म्हणाल्या, स्टँडवर वाचायला वेळच उरला नाही, म्हणून त्याही गाडीत चढल्या. इंजिनाच्या आवाजात मोठ्यानं सहा पानं वाचली. मंजुळाचं नाव अख्ख्या एसटीनं ऐकलं.

"मग? पोरगी काय म्हणाली?"

"म्हणाली, माझी आय हसायची कशी, ते नाय लिवलं?" सिस्टर मागच्या स्टुलावर टेकल्या. "दादा, मी त्या बाईला फक्त एक दुपार पाहिलं. मरताना. हसताना कुठं पाहिलंय?"

त्यानंतर सिस्टरांच्या सुट्ट्या मंजुळाच्या माहेरच्या पाड्यावर जायला लागल्या. पायी, गुडघे धरून. दुसरी कादंबरी राहिली ती राहिलीच. वर्षभराने त्यांनी मला एकच पान आणून दिलं. "हे छापायचं नाही. एकच प्रत काढा. शनिवारी नेते."

शनिवारी त्या आल्या नाहीत. काविळीचं निमित्त झालं आणि दहा दिवसांत सिस्टर गेल्या. मला फार एकटं वाटलं. मागचं स्टूल मी बरेच दिवस हलवलं नाही.

शेवटी मीच पान घेऊन निघालो. मुलीला फोन करून उपकेंद्रावर बोलावलं होतं. दारात पेशंटांची रांग होती. मी कुठून आलो ते रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं आणि बाजूला सरकली. "नाशकाहून? मंग जा पुढं, बाबा. लांबचे आधी."

मी पेशंट नव्हतो, तरी पुढे गेलो. मुलगी ओट्यावर उभी होती. तिनं पान हातात घेतलं. त्यावर चारच ओळी होत्या. मंजुळाला उभ्यानं हसता यायचं नाही. हसू आलं, की ती असेल तिथे आधी खाली बसायची, डोक्यावर मोळी असली तरी, आणि मग पोट धरून हसायची.

मुलीनं ते दोनदा वाचलं. "मी बी," एवढंच म्हणाली, आणि खाली बसली.