नळ येतो त्या गावची

देवासहून निघाले त्या सकाळी अण्णांनी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. आमचं शिंपीकाम. कापड बेतून कापणारा तो मास्टर, म्हणून अण्णांना सगळी गल्ली मास्टर म्हणते. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून ते गाडीपाशी उभे होते. समोरच्या पोहेवाल्यांनी विचारलं, "मास्टर, बिटिया कहाँ चली?"

"अमेरिका. मास्टर की डिग्री करने."

"अरे भिया, मास्टर तो तुम खुद हो! घर में ही सिखा देते, इत्ती दूर कायको भेज रिये हो?"

अण्णा हसले. "इसका मास्टर अलग है. ये पानी का नाप लेगी."

आई गाडीपर्यंत आलीच नाही. नेमका तेव्हाच नळ आला होता. मी आत जाऊन पाया पडले, तर तिने ओल्या हाताने पाठीवर थापटलं आणि दुसरी बादली नळाखाली सरकवली. आई मूळची धारची. तिचं ठरलेलं वाक्य होतं, "तळ्यांच्या गावची पोर टेकडीच्या गावात दिली, ती बादल्या भरायला." नळ एक दिवसाआड यायचा, कधी त्याहून उशिरा. पहिलं पाणी गढूळ, ते अंगणात ओतायचं. मग पिण्याचं भरायचं. हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं.

अण्णा आठवीपर्यंत शिकले, आई पाचवीपर्यंत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शाळा हिंदीत झाली, मराठी फक्त घरात, त्यामुळे माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. धार-देवासची जी पोरं आता इकडे यायची तयारी करताहेत, ती मला फोनवर एकच विचारतात, "दीदी, मास्टर्सला करावं काय लागतं?" तर सरळ सांगते.

आमच्या युनिव्हर्सिटीत सिव्हिल अँड एन्व्हायर्नमेंटल इंजिनीअरिंगच्या मास्टर्सला तीस क्रेडिट लागतात. काही विषय घ्यावेच लागतात: पाण्याचं रसायन, शुद्धीकरण, पाइपातल्या प्रवाहाचं गणित. बाकीचे आपल्या गाइडच्या संमतीने. इंजिनीअरिंगला जे शिकलेलं नसेल ते आधी भरून काढायचं, आणि त्याचे क्रेडिट धरत नाहीत. माझं रसायन असंच फुकट गेलं, म्हणजे क्रेडिटच्या हिशेबाने. सरासरी बी ग्रेडच्या खाली गेली की एक सत्र सुधारायला देतात, नाही सुधारली तर नाव कमी. पुढे दोन रस्ते. एकात जादा विषय घेऊन मोकळं व्हायचं. दुसरा थीसिसचा: स्वतःचं संशोधन, तीन प्राध्यापकांची समिती, आणि शेवटी सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. तिला डिफेन्स म्हणतात.

मला थीसिसच करायचा होता. विषय घेऊन पास होणं मला लहानपणापासून येत होतं. एखादी गोष्ट आपण स्वतः शोधली आणि चार शिकलेल्या माणसांपुढे उभं राहून सांगितली, असं आमच्या घरात कोणी केलं नव्हतं. पण पहिल्याच सत्रात माझी सरासरी बीच्या खाली गेली. गाइड मॅडम चांगल्या होत्या, पण स्पष्ट. म्हणाल्या, थीसिस सोड, विषय घे, डिग्री तीच मिळते. मी म्हटलं, एकदा माझा प्रस्ताव तरी वाचा.

त्यांनी वाचला आणि पहिल्याच ओळीवर थांबल्या. मी इंग्रजीत लिहिलं होतं, "नळ येतो तेव्हा बायका पाणी भरतात." मॅडमनी त्याला लाल गोल केला. "नळ कसा येईल? तो तर भिंतीत असतो. तुला प्लंबर म्हणायचंय का?"

मला आधी हसू आलं, मग बोलता बोलता थोडा राग. मी सांगितलं, तुमच्याकडे नळ असतो, आमच्याकडे येतो आणि जातो. "नळ आले का गं?" हे आमच्या गल्लीत रामरामासारखं विचारतात. तो जातो तेव्हा पाइप रिकामा होतो, जिथे जिथे गळका असेल तिथून आजूबाजूची घाण आत ओढून घेतो, आणि परत येतो तेव्हा तीच घाण आधी आमच्या बादलीत पडते.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "या ओळीला हात लावू नकोस. सरासरी वर आण, समितीचं मी बघते."

आणली. कशी आणली ते विचारू नका, त्या सत्रात मी गावात बर्फ कधी पडला आणि कधी वितळला ते पाहिलं नाही. मग प्रयोगशाळेत पाइप जोडून मी खोटी गल्ली उभी केली. रोज पाणी बंद करायची, पाइप रिकामे ठेवायची, परत सोडायची आणि पहिल्या पाण्याचा गढूळपणा मोजायची.

घरी फोनवर म्हटलं, "अण्णा, आता डिफेन्स राहिलाय." महूच्या छावणीतल्या फौजींचे गणवेश शिवण्यात अण्णांचं तरुणपण गेलं, त्यांच्यासाठी डिफेन्स म्हणजे फौज. आठवड्याभरात गल्लीला कळलं की मास्टरची मुलगी फौजेत चालली. धारच्या मामाचा फोन आला, "अगं, तुला बंदूक पेलवेल का?"

डिफेन्स म्हणजे परीक्षा आणि ती ऐकायला फोनवरूनही कोणीही बसू शकतं, हे कळल्यावर अण्णांनी त्या दिवशी संध्याकाळी दुकानात खुर्च्या मांडल्या आणि फोन शिलाई मशीनला टेकवून ठेवला. इकडे सकाळ होती. मी इंग्रजीत बोलले; घरच्यांना मराठीत आदल्या दिवशीच सगळं सांगून ठेवलं होतं. तिन्ही प्राध्यापकांनी उलटंसुलटं विचारलं. पहिलं किती पाणी ओतून द्यावं याचं माझं उत्तर त्यांनी तीनदा तपासून घेतलं आणि मी तीनदा तेच दिलं. मग नियमाप्रमाणे मॅडम म्हणाल्या, बसलेल्यांपैकी कोणाला काही विचारायचंय? मी ते फोनकडे बघून मराठीतही म्हटलं.

फोनमधून आईचा आवाज आला. "किती ओतायचं ते कळलं. पण ओतावं लागणारच नाही, असं आपल्या गल्लीत कधी होणार?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी भाषांतर करून सांगितलं. मग आधी मराठीत उत्तर दिलं. "आई, नळ चोवीस तास राहिला, गळके पाइप बदलले, तर होईल. कधी, ते माझ्या थीसिसमध्ये नाही." समितीतले सर्वांत म्हातारे सर म्हणाले, आमच्यापैकी हे कोणी विचारलं नाही.

मला दहा मिनिटं बाहेर उभं केलं आणि आत बोलावून हात मिळवला. पास. दुकानात टाळ्या, अण्णा पोहेवाल्यांना हिंदीत आणि मामाला मराठीत एकच बातमी सांगत होते. आईने फोन हातात घेतला. "पास झालीस, फार चांगलं झालं. पण त्या तिघांना पटलं गं, मला नाही पटलं अजून."

आज मी इथल्या एका शहराच्या पाणीपुरवठ्यात नोकरी करते. जमिनीखालचे गळके पाइप शोधायचं माझं काम, आणि ते मला चांगलं येतं. घर कुठलं म्हणून विचारलं तर मी अजून देवासच सांगते. डिग्री इथे फ्रेममध्ये टांगली आहे, ती माझीच आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण घर तेच, जिथे एक परीक्षक मला अजून पास करत नाही. तिच्यासाठी माझी तयारी चालू आहे.