मडगार्डवर सहा प्लग

इमामबी जामखेडच्या नालबंदाची लेक. बैल आडवा पाडायचा, पाय आवळायचे आणि खुरांना पत्री ठोकायची हा त्या घराचा पिढीजात धंदा. बापाला मुलगा नव्हता, म्हणून खिळे वाकवण्यापासून भाता मारण्यापर्यंत सगळं इमामबीच करायची. लोखंड किती तापलं की किती वळतं, कुठं मारलं की तुटतं, हे तिला हातानं कळायचं. लग्न होऊन ती तिसगावला आली तेव्हा तिच्या उजव्या तळव्यावरचे घट्टे बघून सासू म्हणाली होती, "ही सून हाय का लव्हार?"

नवरा इब्राहिम नगरला एका मोटारीच्या कारखान्यात काम शिकलेला. शांत माणूस. पाथर्डीच्या रस्त्याला त्यानं पत्र्याची शेड टाकली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि मालवाहू लॉऱ्यांच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या बसल्या. कोळशाच्या वायूवर इंजिन चालायचं खरं, पण करंजीचा घाट चढून येईतो त्याच्या पोटात डांबरासारखी काजळी साचायची. ती काजळी धरायचे ते इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग. रोज काढा, रोज पुसा. डायवर लोक घाईत तापल्या इंजिनातच ते आवळायचे, पान्याला नळी लावून आवळायचे, आणि मग ते असे बसायचे की निघता निघत नसत. इब्राहिमच्या शेडीला त्या वर्षांत सगळ्यात जास्त काम होतं ते हेच, अडकलेले प्लग काढायचं.

पाथर्डीकडचा एक बडा लॉरीवाला होता, श्रीमंतराव. लढाईच्या तिसऱ्या वर्षी त्याची लॉरी शेडीपुढं येऊन थांबली. एक प्लग तुटून आत राहिला होता. इब्राहिम म्हणाला, "मालक, घासलेट सोडतो. तासभर मुरू द्या. मग अलगद येईल."

"तासभर? माझा माल तिकडं नगरात खोळंबलाय. छिन्नी लाव आन तोड."

"चिनीमाती उडती, मालक."

"तोड म्हन्तो ना!"

इब्राहिमनं छिन्नी लावली. तिसऱ्या घावाला प्लगमधली चिनीमाती फुटली आणि एक कपची त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. इमामबी चुलीपुढून धावत आली तेव्हा तो गुडघ्यावर बसला होता आणि बोटांतून रक्त गळत होतं. बैलगाडीतून नगरला न्यायला दीड दिवस गेला. दवाखान्यात उजवा डोळा काढावा लागला. त्याच दुखण्यानं तीन महिन्यांत डावाही विझत गेला.

श्रीमंतराव बघायला आला नाही. कुणी तरी त्याच्यापाशी विषय काढला, तर तो म्हणाला, "त्यानं तोंड येवढं जवळ न्यायला नको व्हतं."

हे वाक्य बाजारातून फिरत इमामबीच्या कानावर आलं. ती तेव्हा बाजरी कांडत होती. मुसळ तिनं असं घातलं की उखळाला तडा गेला.

त्यानंतर शेड बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं. ती बंद पडली नाही. सुरुवातीला इब्राहिम इंजिनाला कान लावून सांगायचा आणि इमामबी करायची. वर्षभरात सांगायची गरज उरली नाही. तरीही गिऱ्हाईक यायचं ते इब्राहिमपुढं उभं राहायचं. बाजेवर बसलेल्या आंधळ्या माणसाला लॉरीचं दुखणं सांगायचं, आणि तेलानं कोपरापर्यंत काळी झालेली बाई बाजूला उभी असायची तिच्याकडं बघायचंही नाही. काम झालं की म्हणायचं, "इब्राहिम, हात न्हाई तुझ्यासारखा." इब्राहिम मान हलवायचा. इमामबी पाने आपटत आवरायची.

मग एका उन्हाळ्यात, ऐन दुपारी, चार बैल जुंपून ओढत आणलेली लॉरी शेडीपुढं आली. बैलांपुढं लॉरीचा डायवर भीमा चालत होता. मागून छत्री धरून श्रीमंतराव.

इमामबीनं त्याला ओळखलं आणि तिच्या कानशिलातून वाफ निघाल्यासारखं तिला झालं.

श्रीमंतराव थेट बाजेपाशी गेला. "इब्राहिम, सहातले पाच अडकलेत. सहाव्याचं डोकं तुटून आटे आत ऱ्हायलेत. बघ बरं."

"ती बघल, मालक," इब्राहिम म्हणाला. नुसतं म्हणाला नाही, उठून उभा राहून म्हणाला. ते उभं राहणं इमामबीला जास्त लागलं.

"बाईमानसाचं काम हाय का हे? तू आत जा गं."

"आत काय हाय?" इमामबी म्हणाली. "आत चूल हाय. ती इझलीय. इंजिन हितं हाय."

तिनं बॉनेट उघडलं. भीमा खाली मान घालून उभा होता. नळी लावून कुणी आवळलं हे विचारायची गरज नव्हती. तिनं प्लगांच्या बुडाशी घासलेट आणि तेल सोडलं. "सांज व्हईल," ती म्हणाली.

"सांज?" श्रीमंतराव छत्री मिटत पुढं आला. "बाजरीची पोती भिजवायची का मला वळवाच्या पावसात? छिन्नी लावा आन तोडा."

इब्राहिमचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला होता. दोन वर्षांपूर्वीचे तेच शब्द, तोच आवाज.

इमामबीनं कोपऱ्यातली छिन्नी उचलली आणि श्रीमंतरावाच्या हातात कोंबली.

"घ्या. तुमी लावा. तोंड जवळ नेऊ नका म्हंजे झालं."

तो मागं सरला. छिन्नी खाली पडली.

"इमाम!" इब्राहिम पुटपुटला. "मालक हायेत."

"तुमचे असतील. तुमी तिकडं चिंचेखाली बसा, मालक. माझ्या शेडीत घाई करायची न्हाई कुनी. माझ्या घरातल्या मानसाचे डोळे गेलेत घाईत."

श्रीमंतराव चिंचेखाली गेला. दुसरा इलाजच नव्हता. पाथर्डीपर्यंत बैलांनी लॉरी ओढणं त्यालाही परवडणारं नव्हतं.

पाच प्लग तिनं एकेक करून काढले. पान्याला जोर देऊन नाही. एवढंसं सोडायचं, पुन्हा आवळायचं, परत थोडं सोडायचं, बाजूनं हातोडीनं टकटक करायची. संताप तर मनगटात उसळत होता, एका झटक्यात पाना फिरवावासा वाटत होता. पण झटका दिला की आटे जातात हे तिला ठाऊक होतं, आणि आटे गेले तर "बाईनं घालवले" असं सारा तालुका म्हणणार हेही ठाऊक होतं. म्हणून ती दात आवळून, हात मात्र सैल ठेवून काम करत होती.

सहाव्याला वेळ लागला. भीमाला हँडल मारायला लावून तिनं दट्ट्या वर आणला, म्हणजे काही पडलं तरी खोल जाणार नाही. ओलं फडकं वरून धरून आतली चिनीमाती बारीक बारीक उकरून काढली. मग जुन्या कानशीची चौकोनी शेपटी ग्रीस माखून त्या भोकात ठोकली, ती आत घट्ट रुतली. तिला पाना लावला. हलेना. इब्राहिम चाचपडत उठून आला आणि त्यानं इंजिनावर तळवा ठेवला.

"कुरकुरला," तो म्हणाला. "आता जरा मागं घे. हां. आता सोड."

आटे फिरले. काळं, काजळी धरलेलं कडं तिच्या हातात आलं. त्या क्षणापुरती तिला कुणाचाच राग नव्हता.

आत काही राहिलं असेल ते उडून जावं म्हणून तिनं भीमाला पुन्हा हँडल फिरवायला लावलं. भोकं पुसली. शिसपेन्सिलीचं शिस कुटून तेलात कालवलं आणि नव्या-जुन्या प्लगांच्या आट्यांना लावून ते बोटांनी बसवले, पान्यानं फक्त शेवटची फिरकी. भट्टी पेटली, लॉरी सुरू झाली.

श्रीमंतरावानं जाताना इब्राहिमच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! डोळं गेलं, पन हात शाबूत हाय तुझा."

इब्राहिम नुसता हसला.

लॉरी दिसेनाशी झाल्यावर इमामबी नवऱ्यापुढं उभी राहिली. "अजी, तुमी गप का बसला?"

"काय बोलू? दुकान चालायचं तर गड्याचंच नाव लागतं."

"आन तुमच्या डोळ्याचं? त्याचंबी काय बोलला न्हाई तुमी. उठून उभं ऱ्हायला त्याच्यापुढं!"

"सवय हाय, इमाम."

ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. भाकरी पुढं ठेवायची आणि वळायची. श्रीमंतरावापेक्षा तिला त्या दिवसांत नवऱ्याचाच राग जास्त होता, असं ती पुढं माझ्या आईला म्हणाली होती.

माझी आई लंकाबाई तिसगावच्या बाजारात मिरच्या विकायची, म्हणून पुढचं तिनं डोळ्यांनी पाहिलं. बाजारच्या दिवशी श्रीमंतरावाची लॉरी पारापाशी उभी होती. चारचौघांत तो हात नाचवत सांगत होता, आंधळ्या इब्राहिमनं नुसत्या हातानं चाचपून सहा प्लग कसे काढले. बाईचं नावही नाही. इमामबी मीठ घ्यायला आली होती. ती माघारी फिरली. लोकांना वाटलं गेली. ती आली पाना घेऊन.

तिनं कुणाला विचारलं नाही. बॉनेट वर केलं, तारा उपटल्या आणि प्लग सोडवायला लागली. पान्याची एक फिरकी, मग बोटांनी. शिस लावलेले आटे लोण्यासारखे सुटत होते. एक एक प्लग तिनं मडगार्डवर मांडला. सहा. बाजार गोळा झाला.

"काय करतीस गं!" श्रीमंतराव ओरडला.

"इब्राहिमनं काढले म्हन्ता ना? मंग बलवा त्यानला. मी कोन? मी आत चुलीपुढं व्हते."

"भीमा, बसव ते!"

भीमा हलला नाही. "मालक," तो हळू म्हणाला, "म्या हँडल मारलं त्या दिशी. काढले हिनंच."

कुणी तरी इब्राहिमला हाताला धरून घेऊन आलं होतं. गर्दी बाजूला झाली. श्रीमंतराव घाईघाईनं म्हणाला, "सांग रे इब्राहिम, तुझ्या बायकूला आवर."

इब्राहिमनं मान थोडी वाकडी केली, आवाजांचा अंदाज घेत.

"माझ्यानं आता काय व्हत न्हाई," तो म्हणाला. "दोन वरसं न्हाई. सारं हीच करती. आन माझा डोळा मालकाच्या घाईनं गेला. म्या तोंड जवळ नेलं न्हवतं."

श्रीमंतरावाचं तोंड काळंठिक्कर पडलं. माफी त्यानं तेव्हाही मागितली नाही, पुढं कधीही नाही. छत्री काखेत मारून तो केबिनमध्ये जाऊन बसला. भीमा प्लग बसवायला लागला आणि इमामबी बाजूला उभी राहून मोठ्यानं सांगत राहिली, "आधी बोटानं. बोटानं, भीमा! नळीला हात लावशील तर बघ."

श्रीमंतरावाची लॉरी त्यानंतर तिसगावात थांबली नाही. त्याच्या ओळखीचे दोघं-तिघंही तुटले, बाईच्या हातचं काम नको म्हणाले. पण घाटानं येणारे बाकीचे थांबत गेले. लढाई संपली, भट्ट्या उतरल्या, पेट्रोल परत आलं, तरी शेड चालत होती. इमामबीचा राग काही निवला नाही. आवळलेला प्लग दिसला की ती डायवरच्या सात पिढ्या काढायची, आणि डायवर निमूट ऐकायचे. नवं गिऱ्हाईक सवयीनं बाजेपुढं उभं राहून लॉरीचं दुखणं सांगू लागलं की इब्राहिम त्याला मधेच तोडायचा.

"मला नका सांगू," तो म्हणायचा. "मिस्त्री तिकडं हाय."