तोंडी परीक्षेतला भाऊ

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर मुली भिंतीकडे तोंड करून पुटपुटताहेत. जर्मनच्या या परीक्षेत खरं बोलायची सक्ती नसते. जेवढे शब्द येतात, तेवढंच आपलं आयुष्य. मी एकुलती एक, पण बी.ए.ची तिन्ही वर्षं जर्मनमध्ये मला एक थोरला भाऊ आहे. डावखुरा, पाण्याला घाबरणारा. परक्या भाषेत माणूस किती सहज जन्माला येतो!

काल स्वयंपाकघरात उजळणी करत होते. आई म्हणाली, "मला कळेल असं मराठीत सांग की." मी हसत या भावाबद्दल सगळं सांगितलं. तिचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपली.

"तुला त्याच्याबद्दल कुणी सांगितलं?"

आजही तीच वाक्यं म्हणायची आहेत. परीक्षकांनी नाव विचारलं, तर त्याला पूर्वीसारखं माझ्या मनानं एखादं नाव द्यायचा धीर मात्र आता होत नाही.