मुळं नसलेली रोपं

त्या वर्षी दुष्काळ होता आणि शहरात रस्ते रुंद करायचं काम जोरात चाललं होतं. मी अजिंठ्याला पर्यटकांना लेणी दाखवायचे. इंग्रजी बरं, म्हणून एका संस्थेनं मला दुभाषी म्हणून शहरातल्या हॉटेलात बोलावलं. नेपाळ, व्हिएतनाम, इंडोनेशियातली माणसं आली होती. जंगल राखून कसं वापरायचं, हे सगळ्यांनी एकमेकांकडून शिकायचं ठरलं होतं. मला ते मनापासून पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना अजिंठ्याकडच्या एका माळावर नेलं. धूळ उडू नये म्हणून टँकरनं रस्ता भिजवला होता. कडेला बाया रिकाम्या घागरी घेऊन ते बघत उभ्या होत्या. माळावर कडुनिंबाची रोपं ओळीनं लावलेली. पाला मलूल दिसला, मला वाटलं उन्हानं. गावानं ही जगवली, असं संस्थेचे संयोजक सांगत होते आणि मी ते इंग्रजीत सांगत होते.

पाहुण्यांत नेपाळच्या एक बाई होत्या, आपल्या गावचं जंगल सांभाळणाऱ्या. कललेलं रोप सरळ करायला त्या वाकल्या, तर ते हातातच आलं. खाली मुळं नव्हती. कुऱ्हाडीनं तिरकी तोडलेली फांदी होती ती. शेजारचं उपटलं, तेही तसंच.

त्यांनी जवळ उभ्या असलेल्या गावातल्या एका बाईला हिंदीत विचारलं. ती म्हणाली, "काल ट्रकनं आणून खोचल्यात. शहरात रस्त्यापायी झाडं पाडली, त्याच्या फांद्या हायत. पाला खातील म्हणून आमची शेरडं तवाधरनं कोंडलीत."

संयोजक माझ्या कानाशी आले. "ती आभार मानतेय, असं सांगा."

त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता. ती जे बोलली तेच मी इंग्रजीत सांगितलं.

एकानं घड्याळ पाहिलं. मग सगळे बसमध्ये बसून जेवायला गेले.

संध्याकाळी हॉटेलात संयुक्त निवेदन वाचलं, त्यात त्या माळाचं कौतुक होतं. टाळ्या झाल्या. त्याचा मराठी अनुवाद वाचायला माझं नाव पुकारलं, तेव्हा मी माईक टेबलावर ठेवून बाहेर पडले. नेपाळच्या बाई पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी सही केली का, मी विचारलं.

"आमच्याबरोबर आलेल्या साहेबांनी केली," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. संस्थेनं मला पुन्हा बोलावलं नाही, त्याचं काही वाटलं नाही. सगळं डोळ्यांनी बघूनही त्या लोकांनी वाजवलेल्या टाळ्यांची मात्र अजून किळस येते.