हौदाजवळचा माग

नरसय्या माग सुरू करण्याआधी सुताचा एक धागा ओठांवर धरून बघायचा. धागा गार लागला तर हसायचा, कोरडा लागला तर म्हणायचा, "आज देव परीक्षा घेतो की." बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात आम्ही दोघं यंत्रमागावर होतो. तो तेलुगू विणकराच्या घरातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. सरळच सांगतो, मी त्याच्यावर जळायचो.

कारण त्याचा माग. कारखान्यात एकच माग पाण्याच्या हौदाला लागून होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात सूत वाळून तटातट तुटतं. हौदाजवळच्या गारव्यात ते टिकायचं. मजुरी चादरीमागे, म्हणजे जागा हेच आमचं नशीब. नरसय्यानंतर तो माग मला, असा मुकादमाचा शब्द होता. सात वर्षं मी त्या शब्दावर काढली होती.

पश्चिमेच्या तापत्या पत्र्याखालच्या मागावर बसप्पा असायचा. चादरी कमी निघाल्या म्हणून एकदा मुकादमानं त्याला सगळ्यांदेखत आळशी म्हटलं. नरसय्यानं माग थांबवला. "सूत उन्हानं तुटते, आळसानं न्हाय. उद्यापासून पत्र्याखाली मी बसतो." अमावास्येला कारखाना बंद असे. दर अमावास्येनंतर हौदाजवळ नवा माणूस बसेल, आपली पाळी सगळ्यांत शेवटी, हेही त्यानं ठरवून टाकलं. मी भांडलो. ज्यानं वर्षं घातली त्याची जागा, ही फुकटची वाटणी कशाला, म्हणालो. तो म्हणाला, "दत्तू, हौद आपल्यातल्या कुणी खणला रे?" मी जास्तच चिडलो. स्वतःचं देऊन मोठा होणारा माणूस फार छळतो हो.

बसप्पानंतर माझी पाळी आली. काय सांगू, सूत तुटेच ना! महिना सरत आला तसा माझा जीव कासावीस झाला. आमच्यात रिवाज होता, ज्यानं मागावर बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढवलं त्यानंच ते विणून संपवायचं. अमावास्येच्या आदल्या दिवशी मुकादमाला हाताशी धरून मी सुतानं भरलेलं नवं बीम चढवून घेतलं. ते सरताच, कुणी यायच्या आत, दुसरं. बाकीचे खवळले. नरसय्या एवढंच म्हणाला, "बसू द्या. त्याचं पोट भरलं न्हाय अजून."

पाळी मोडली ती मोडलीच. तो पत्र्याखाली तुटकी सुतं जोडत राहिला. दुपारी सगळे डबे घेऊन त्या भट्टीत त्याच्याकडे जात. गारव्यात मी एकटा भाकरी मोडायचो आणि त्यांचं हसणं ऐकून जळायचो. माग मिळाला तरी जळणं काही गेलं नाही.

दोन वर्षांनी त्याचे डोळे अधू झाले. कामाच्या शेवटच्या दिवशी तो माझ्याकडे आला, माझ्या मागावरचा धागा त्यानं ओठांना लावला. "गार हाय," म्हणाला आणि गेला.

आता पत्र्याखाली कोण? दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी आपसातच पाळी लावली, प्रत्येकी एक महिना. बसप्पानं भिंतीवर खडूनं नावं लिहिली. मी दोनदा वाचली, माझं नव्हतं. माझंही लिही, म्हणालो. बसप्पानं खडूचे हात झटकले.

"आधी तुमचं बीम सरू दे की."

हौदाजवळचा माग मात्र कुणीच परत मागितला नाही. निवृत्त होईपर्यंत तो माझाच होता.