चारही चालू

दाजींना गाडीचं पेट्रोल वाचलेलं खपायचं नाही. एरवी हा माणूस खोलीतून बाहेर पडताना आत कोण बसलंय हे न बघता पंखा बंद करणारा.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. मुलानं त्यांना ऑटोमॅटिक एसयूव्ही घेऊन दिली होती. सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवला, की पेट्रोल वाचवायला तिच्या चार सिलिंडरांपैकी दोन आपोआप थांबत आणि समोर हिरवा दिवा लागे. तो लागला रे लागला, की दाजी गिअरचा दांडा मॅन्युअलवर ओढून एक गिअर खाली आणत. इंजिन गुरगुरे, चारही सिलिंडर कामाला लागत, दिवा विझे. बजाजनगरच्या घरापासून गावी कन्नडला पोचेपर्यंत, सगळा रस्ता हेच.

"बाबा, दोनच चालले तरी इंजिनाला काही होत नाही," मुलगा सांगे. त्याचं बरोबर होतं. सर्व्हिसिंगवाल्यांनीही तेच सांगितलं.

"इंजिनाला नसंल होत," दाजी म्हणत. "पण दोघांनी वढायचं अन् दोघांनी बसून जायचं, हे मला बघवत नाय."

कन्नडला ते चार भाऊ. दोघं शेतात राबायचे, दोघं पारावर बसून गावाचा कारभार बघायचे. राबणाऱ्यांतले एक दाजी, दुसरा धाकटा नाना. नाना चाळिशीच्या आतच गेला. दाजी त्यावर कधी बोलले नाहीत. आक्का मात्र सोडायची नाही. "भावांना बोलायची हिंमत झाली नाय, आता गाडीला शिस्त लावतेत."

"तू बी मागं बसूनच आलीस," दाजी आरशात बघून म्हणत. "उतरून ढकलती का?"

पुढं त्यांना हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. ते गेले त्याच्या महिनाभर आधी त्यांना एकदा शेत बघायचं होतं. मी घेऊन गेले. बांधावर थोडा वेळ उभे राहिले आणि लगेच "चल" म्हणाले.

परतताना सपाट रस्ता आला, दिवा लागला. मी त्यांना न विचारताच दांडा ओढला आणि गिअर खाली आणला.

"राहू दे गं," दाजी म्हणाले. "दोघांवर जातीय ना, जाऊ दे. पेट्रोल तरी वाचंल."

मी ऐकलं नाही. बजाजनगर येईपर्यंत गाडी चारहीवरच चालवली. दाजी खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते.