कपाळावरचा वास

या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिता पिता हसत वाचले आहेत. नजर, करणी, बाहेरचं... असलं काही मी कधी मानलंच नाही. कापड विणणाऱ्या मशीन बसवणं हे माझं काम. बिघाड झाला की शोधल्यावर कारण सापडतंच, एवढंच मला ठाऊक. या वेळी ते सापडलेलं नाही, म्हणून लिहितोय.

मी मूळचा उमरेडचा, आता नागपूरच्या वाडी भागात फ्लॅट आहे. मागच्या वर्षी कंपनीने मला तुर्कस्तानात, बुर्साजवळच्या एका टॉवेलच्या कारखान्यात पाठवलं. कारखाना इतका आधुनिक की धागा तुटला तर मशीनच मोबाईलवर मेसेज टाकते. मालक तरुण, परदेशात शिकलेला. आणि नवी मशीन सुरू करायच्या सकाळी त्याने फाटकातच मेंढा कापवला.

आपणही नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. मटणही मी खातो. पण मालकाने गरम रक्तात अंगठा बुडवला, मशीनच्या टचस्क्रीनवर टिळा ओढला आणि तोच अंगठा कामगारांच्या आणि मग माझ्याही कपाळावर टेकवला! ते कोमट, चिकट रक्त भुवईवर ओघळलं. सुपरवायझर केमाल अबी (तिकडे थोरल्या भावाला अबी म्हणतात) म्हणाला, शुभ असतं, वाळू दे. मी बाथरूममध्ये जाऊन साबणाने घासून काढलं.

दुसऱ्या दिवसापासून वास सुरू झाला. खाटकाचं फडकं उन्हात सडत पडावं, तसा. स्पिरिटने पुसलं, कपाळ सोलवटेपर्यंत घासलं. पावाचा तुकडा तोंडाशी नेला की उलटी यायची. तिथल्या डॉक्टरांनी नाक तपासलं, सगळं ठीक होतं. मनाचा खेळ असेल म्हणाले. मलाही ते पटलं. बायकोला, प्राजक्ताला, काहीच सांगितलं नाही. काम संपवून नागपूरला आलो.

माझी मुलगी इरा दोन वर्षांची. रोज व्हिडिओ कॉलवर स्क्रीनची पापी घ्यायची. दार उघडताच धावत आली, मी उचललं, तिने तोंड कपाळाशी आणलं... आणि माझ्या शर्टावर भडाभडा ओकली. मग किंचाळत आईकडे गेली. पुढचे काही दिवस माझ्याजवळ यायलाच तयार नव्हती.

शेवटी प्राजक्ता चाचरत म्हणाली, "तुमच्या कपाळाले मेलेल्या जनावराचा वास येऊन राहिला जी. काय लावलं तिथं?"

तेव्हा मी खरा घाबरलो. मनाचा खेळ माझा असेल, पण या दोघींच्या नाकात तो कसा शिरला? मी सगळं सांगितलं. प्राजक्ताने उमरेडला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी आई एसटीने आली.

दुपारी तिने गॅलरीत शेगडी पेटवली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन म्हणाली, "तिथलं रगत अन् इथलं मीठ, जमते का नाही मले ठाऊक नाही. पण बस."

मी बसलो, इराकडे बघत. आईने माझ्यावरून ओवाळून मूठ निखाऱ्यांवर टाकली. मिरचीचा ठसका कुणालाच लागला नाही. उलट ओली लोकर जळल्यासारखा घाण, तेलकट धूर उठला. मोरीपर्यंत पोहोचायच्या आतच मी ओकलो. प्राजक्ताने नाकाला पदर लावला. इतक्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि विचारू लागले, "इथं कोणी बकरं भाजून राहिलं का गा?"

त्या संध्याकाळी मी कित्येक आठवड्यांनी पोटभर वरण-भात खाल्ला. वास नव्हता.

पुढे नागपुरातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवलं. काही निघालं नाही. केमाल अबीला फोन केला. मशीन मस्त चालू आहे, टिळा लावलेल्या कुणालाच काही झालेलं नाही, म्हणाला. मग मलाच का? आणि मीठ-मिरचीत असं काय होतं? मला अजूनही सांगता येत नाही.

इरा आता माझ्या कुशीत झोपते. फक्त कडेवर घेतलं की आधी माझं कपाळ हुंगते, क्षणभर थांबते, आणि मगच गळ्यात हात टाकते. तो क्षण जाईपर्यंत मी श्वास रोखून उभा असतो.